सतरा सप्टेंबर : एका तारखेचा अभ्यास

आपल्या शाळेचा परिपाठ त्रिशरण-पंचशीलाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि सुविचार झाले की ‘दिनविशेष’ वाचला जातो. चिकलठाण्याच्या विमानतळावरून उडालेले विमान तेवढ्यात डोक्यावर आले, तर वाचणारा विद्यार्थी क्षणभर थांबतो आणि आवाज विरला की पुढची ओळ घेतो. आजच्या दिवशी कोण जन्मले, कोण निवर्तले, कोणता तह झाला, कोणते यान सुटले, असे सारे जग पाच मिनिटांत मैदानावर उतरते. माजी विद्यार्थ्यांना हे सारे आठवत असेलच. आदल्या रात्री वसतिगृहात बसून दिनविशेषाचा फळा लिहिण्याची पाळी प्रत्येकावर कधी ना कधी आलेली आहे.

काही वर्षांपूर्वी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन झाल्यानंतर, नववीतील एका मुलीने असाच दिनविशेष वाचला. अमेरिकेपासून हैदराबादपर्यंत सात-आठ नोंदी होत्या. वाचून ती खाली उतरली आणि वर्गाकडे जाताना तिने मला विचारले, “मॅडम, त्या दिवशी आमच्या वस्तीत काय झालं?”

मला उत्तर देता आले नाही. इतिहासात एम. ए. केले, हयात इतिहास शिकवण्यात गेली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे उशिराचे उत्तर येथे मांडत आहे. त्यासाठी त्या दिवशीचा फळाच पुन्हा वाचू या.

दिवसाच्या अंगी गुण नसतो

एकाच दिवशी अनेक मोठ्या घटना घडल्या की मनाला ते गूढ वाटते. आपल्या परंपरेतही याचे उदाहरण आहे. सिद्धार्थाचा जन्म, त्यांना झालेली संबोधी आणि तथागतांचे महापरिनिर्वाण या तिन्ही घटना वैशाख पौर्णिमेच्या मानल्या जातात. त्या पौर्णिमेला आपण वंदन करतो, ते त्या तीन घटनांच्या स्मरणासाठी. पौर्णिमेच्या अंगी काही सामर्थ्य आहे म्हणून नव्हे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ग्रह-नक्षत्रे आणि शुभ-अशुभ मुहूर्त सांगून पोट भरणे हे श्रमणाला न शोभणारे काम म्हटले आहे. तथागतांनी शिकविले ते कार्यकारण : अमुक असेल तर तमुक होते, अमुक नसेल तर तमुक होत नाही.

दिनविशेष वाचताना हीच कसोटी हाती धरावी. दोन घटनांची तारीख जुळली, एवढ्याने त्यांच्यात नाते निर्माण होत नाही. वर्षात दिवस ३६५ आणि घटना असंख्य; तारखा जुळणारच. मात्र काही वेळा जुळलेल्या तारखांच्या मागे खरोखरचा धागा असतो. योगायोग कोणता आणि धागा कोणता, हे ओळखता येणे म्हणजे इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभ होय.

फळ्यावरचे जग

पहिली नोंद होती १७ सप्टेंबर १७८७ ची. त्या दिवशी फिलाडेल्फिया येथे अमेरिकेच्या संविधानावर ३९ प्रतिनिधींनी सह्या केल्या. ‘आम्ही लोक’ असा आरंभ असलेला हा दस्तऐवज जगाच्या इतिहासात थोर आहेच. परंतु त्यात लोकसंख्येनुसार प्रतिनिधी ठरविताना गुलाम माणसाची गणना तीन-पंचमांश करण्यात आली होती. पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा तो हिशेब. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पूर्वी बंदी घालता येणार नाही, असेही त्यात नमूद होते. आणि एवढे सारे लिहूनही ‘गुलाम’ हा शब्द त्या मूळ मसुद्यात कोठेही येऊ दिला नव्हता.

दुसरी नोंद १७ सप्टेंबर १८६२ ची. अमेरिकेच्या यादवी युद्धात मेरिलँड राज्यातील अँटिटम ओढ्याच्या काठी लढाई झाली. एका दिवसात सुमारे २३ हजार सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. अमेरिकेच्या इतिहासातील एका दिवसाचा हा सर्वांत मोठा रक्तपात मानला जातो. संविधानावर सह्या झाल्या त्याला त्याच दिवशी बरोबर ७५ वर्षे पूर्ण होत होती. ही तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. पण युद्ध पेटले हा योगायोग नव्हता. ज्या प्रश्नाचे नाव घेण्याचे १७८७ मध्ये टाळले गेले, तोच प्रश्न पाऊण शतकानंतर रणांगणावर येऊन उभा राहिला होता.

धागा येथून पुढेही जातो. अध्यक्ष लिंकन गुलामांच्या मुक्ततेची घोषणा करण्यासाठी एखाद्या विजयाची वाट पाहत होते. अँटिटमनंतर पाचच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, त्यांनी प्राथमिक घोषणा केली आणि १ जानेवारी १८६३ पासून ती अमलात आली. दक्षिणेतील बंडखोर राज्यांपुरतीच ती होती. संपूर्ण देशातील गुलामगिरी १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने संपली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. मेरिलँडमधल्या ओढ्याकाठचा दिवस अशा रीतीने आपल्या शेजारच्या पुण्यापर्यंत पोहोचला. जोतीरावांना गुरुस्थानी मानणारे बाबासाहेब पुढे त्याच अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात, शिकले.

या दोन संविधानांची तुलना मी वर्गात नेहमी करते. अमेरिकेच्या मूळ संविधानात गुलामाचे नाव नव्हते. आपल्या संविधानाने मात्र अस्पृश्यतेचे नाव घेतले आणि ती नष्ट केल्याचे जाहीर केले. संविधान सभेने हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केले. आज ते अनुच्छेद १७ म्हणून ओळखले जाते. सतरा हा आकडा जुळला, हा पुन्हा योगायोगच! मुले येथे हसतात आणि मला बरे वाटते, कारण योगायोग ओळखून हसता येणे हीही समजच आहे.

तिसरी नोंद १७ सप्टेंबर १८६४ ची. श्रीलंकेत कोलंबो येथे अनागारिक धर्मपाल यांचा जन्म झाला. १८९१ मध्ये ते बुद्धगयेला आले. महाविहाराची दुरवस्था आणि त्यावरचा महंतांचा ताबा पाहून त्यांनी त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापन केली आणि पुढचे सारे आयुष्य त्या कार्याला वाहिले. १९३३ मध्ये सारनाथ येथे त्यांचे निधन झाले. १९५० मध्ये बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य या विषयावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, तो याच महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ज्या भूमीतून धम्म दिसेनासा झाला होता, तेथे तो परत आणण्याचे दोन प्रयत्न या लेखाशी एकत्र येतात.

चौथी नोंद १७ सप्टेंबर १८७९ ची. तमिळनाडूतील ईरोड येथे पेरियार ई. व्ही. रामस्वामी जन्मले. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी १९२४ मध्ये केरळात झालेल्या वायकोम सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. त्यानंतर तीनच वर्षांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एकीकडे रस्ता, दुसरीकडे पाणी. मागणी मात्र माणूस म्हणून वावरण्याचीच. पेरियार आणि बाबासाहेब यांची भेट १९५४ मध्ये रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेच्या वेळीही झाली होती. पाचवी नोंद १८८५ ची. पनवेल येथे प्रबोधनकार ठाकरे याच तारखेला जन्मले. भिक्षुकशाही आणि हुंडा यांविरुद्ध त्यांची लेखणी आयुष्यभर चालली. पेरियार आणि प्रबोधनकार यांचा वाढदिवस एक असणे हा योगायोग. दोघांनाही एकाच रोगाविरुद्ध लढावे लागले, याचे कारण मात्र समाजात होते.

सहावी नोंद १९३९ ची. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत सैन्य पोलंडमध्ये शिरले. या नोंदीचे आमच्या फळ्यावरील इतर नोंदींशी काही नाते मला दिसत नाही. ते ओढूनताणून जोडू नये.

एकाच दिवशी तीन शहरे

आता १७ सप्टेंबर १९४८. भारत स्वतंत्र होऊन तेरा महिने झाले होते, पण औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे आपले पाच जिल्हे निझामाच्या राज्यात होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता. गावोगाव रझाकारांची दहशत होती. संस्थानातील अनुसूचित जातींनी निझामाची बाजू घेऊ नये, असे बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच जाहीरपणे सांगितले होते.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ तारखेला पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादचा प्रश्न आला. १७ तारखेला निझामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीने मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्याच १७ तारखेला जेरुसलेम येथे संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोक बर्नाडोट यांची हत्या झाली. अरब आणि ज्यू यांच्यात तडजोड घडविण्यासाठी ते गेले होते. पॅरिसमध्ये चर्चा, जेरुसलेममध्ये हत्या आणि हैदराबादमध्ये युद्धबंदी, असे ते दोन दिवस होते. साम्राज्ये मोडत असताना सीमा कोणी आखायच्या आणि माणसांनी कोणत्या राज्यात राहायचे, हा प्रश्न तेव्हा अर्ध्या जगापुढे होता. आपला मराठवाडा त्याच प्रश्नाचा एक भाग होता.

इतिहासाच्या शिक्षकाने एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे. रझाकारांनी जसे निरपराधांना छळले, तसे कारवाईनंतर अनेक गावांत रझाकारांशी काडीचा संबंध नसलेल्या गरीब मुसलमानांनाही सूडाचे बळी व्हावे लागले. त्याची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती आणि तिचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. मुक्तीच्या दिवसाचा अभिमान बाळगताना हेही पान उलटून जाऊ नये. सत्याचे अर्धेच पान वाचण्याची सवय आपल्याविरुद्धही वापरली गेली आहे, हे आपण विसरता कामा नये.

लिहिलीच न गेलेली तारीख

इथवर सारे पुस्तकांत मिळते. त्या मुलीचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता : त्या दिवशी आमच्या वस्तीत काय झाले? तिच्या वस्तीचे मला ठाऊक नव्हते. म्हणून मी माझ्या घरचे आठवू लागले.

माझी आजी सांगत असे की “पोलीस अ‍ॅक्शनच्या साली” आम्ही दोन रात्री बाजरीत काढल्या. बाजरी डोक्याइतकी उंच होती. “तुझा बाप कडेवर होता. रडू नये म्हणून त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा धरला होता.” मग एके दिवशी कुणी तरी ओरडत आले की राज्य बदलले. आजी घरी आली. गावच्या विहिरीवर मात्र तिला पूर्वीप्रमाणेच दूर उभे राहावे लागले. वरून कुणी पाणी वाढील तेव्हा घागर भरायची. १७ सप्टेंबर १९४८ ला आमच्या वस्तीत काय झाले, याचे खरे उत्तर एवढेच : जीव वाचला आणि विहीर तशीच राहिली.

आजीच्या त्या वाक्यात एक पुरावाही दडलेला होता, तो मला फार उशिरा दिसला. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती १ जून १९४४. म्हणजे पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी ते सव्वाचार वर्षांचे असायला हवेत. सव्वाचार वर्षांचे मूल दोन रात्री कडेवर नसते. ते पळते. खेड्यातल्या निरक्षर आईने मुलाला शाळेत नेले, गुरुजींनी अंगापिंडावरून वय ठरविले आणि सवयीप्रमाणे पुढे ‘१ जून’ लिहिले. आपल्यापैकी कितीतरी घरांत आजही दोन-तीन जणांचा वाढदिवस १ जूनलाच असतो. परस्परांचे नातेवाईक नसलेली लाखो माणसे एकाच दिवशी जन्मलेली कागदावर दिसतात. जगातला सर्वांत मोठा दिनविशेष हाच म्हणावा लागेल आणि त्यातली नोंद खोटी आहे.

त्या नोंदीची किंमतही मोजावी लागते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. कागदाप्रमाणे ५८ वर्षे पूर्ण झाली म्हणून ३१ मे २००२ रोजी ते निवृत्त झाले. आजीच्या शब्दांवर विश्वास ठेवला, तर त्यांच्या नोकरीची निदान दोन वर्षे त्या एका ओळीने घेतली. दोन वर्षांचा पगार तर गेलाच. पण त्यांना खरी हळहळ होती ती आणखी दोन पहिल्या इयत्ता शिकवता आल्या नाहीत याची.

तारीख कशी मिळते

माझी स्वतःची जन्मतारीख मात्र खरी आहे. ती वडिलांनी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवली होती, वेळेसह. आमच्या कुळात ज्याची जन्मवेळ कुणी लिहून ठेवली, असे पहिले माणूस मी. लहानपणी मला याचे काही वाटत नसे. आज वाटते, कारण ती वही कुठून आली हे आता मला समजते.

१९३८ च्या ३० डिसेंबरला कन्नडजवळ मकरणपूर येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, तेव्हा आमच्या भागातील माणसे प्रथम एकत्र उभी राहिली. १९४८ मध्ये संस्थान गेले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९ जून १९५० रोजी, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झाले. पुढे ‘मिलिंद’ या नावाने ते सर्वतोमुखी झाले. बाजरीत लपलेले ते मूल साठच्या दशकात नागसेनवनात शिकायला आले, वसतिगृहात राहिले, तेथून शिक्षक होऊन बाहेर पडले आणि आपल्या मुलीचा जन्म झाला त्या दिवशी त्याने वही उघडली. १७ सप्टेंबरने आमच्या वस्तीला विहीर दिली नाही. त्या दिवसामुळे एक दार उघडता आले आणि ते दार बाबासाहेबांनी उघडले. तारीख स्वतः काही देत नाही. तिच्या दुसऱ्या दिवसापासून माणसे काय करतात, त्यावर तिचा अर्थ ठरतो.

बाबासाहेबांना तारखेचे हे मर्म पुरते ठाऊक होते. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस त्यांनी अशोक विजयादशमी म्हणून विचारपूर्वक निवडला. मुहूर्त पाहून नव्हे, तर सम्राट अशोकाच्या धम्मस्वीकाराची आठवण जागी व्हावी म्हणून. २६ जानेवारीही अशीच, १९३० च्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेसाठी निवडलेली. काही तारखा आपोआप जुळतात. या माणसांनी जाणीवपूर्वक जुळविल्या.

वडील शिक्षक झाल्यावर एक नेम त्यांनी कधी मोडला नाही. नव्या मुलापुढे ते ‘१ जून’ लिहीत नसत. घरी जाऊन आईजवळ बसत. पोळ्याच्या आधी की नंतर? ज्वारी काढली होती का? शेजारी त्या वर्षी कुणाचे लग्न झाले? मग जुने पंचांग काढून तारखेच्या जवळ पोहोचत. एका मुलासाठी कधी कधी दोन-दोन फेऱ्या होत. मी एम. ए. ला साधनचिकित्सा शिकले. त्यांच्याकडे ती आधीपासून होती.

दिवाळीचा स्वाध्याय

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी नववीला एकच स्वाध्याय दिला : घरातील मोठ्यांना विचारून आपल्या घराची एक तारीख शोधून आणा आणि ती कशी शोधली ते लिहा. एकाने वस्तीत पहिला दिवा लागला तो दिवस आणला. वीजबिलाच्या जुन्या कागदावरून. एकीने आजीने पहिल्यांदा सही केली तो दिवस आणला. बचत गटाच्या रजिस्टरवरून. ऊसतोड कामगाराच्या एका मुलाने आपला खरा जन्मदिवस शोधला होता. तो फडावर, कोपीत जन्मला. त्या आठवड्यात वडिलांनी बाळंतपणासाठी जास्तीची उचल घेतली होती आणि ती मुकादमाच्या वहीत तारखेसह मांडलेली होती. त्या घराच्या सुखाची नोंद कुठेच नव्हती, कर्जाची मात्र होती. आणि कर्जाच्या त्या ओळीतून मुलाने आपला जन्म बाहेर काढला. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने आपल्या वस्तीतील विहीर सर्वांसाठी केव्हा खुली झाली ते वर्ष आणले. दिवस तिला मिळाला नाही. “अजून शोधतेय,” असे तिने खाली लिहिले होते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना म्हणूनच एक विनंती आहे. ग्रंथालयात एक जाड नोंदवही ठेवली आहे. ३६५ पाने, प्रत्येक पानावर एक तारीख. वरच्या भागात जगाचे दिनविशेष मुले लिहितील. खालचा भाग आपल्यासाठी कोरा आहे. घरातील पहिले मूल दहावी झाले तो दिवस, आईने पहिल्यांदा ग्रामसभेत तोंड उघडले तो दिवस, वस्तीत विहार उभे राहिले तो दिवस, कुणाचा तरी खरा जन्मदिवस. शाळेत याल तेव्हा लिहा, किंवा पत्राने कळवा. लिहिताना तीन गोष्टी सांगा : काय घडले, हे तुम्हांला कशावरून कळले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काय बदलले.

१७ सप्टेंबरच्या पानावर खालच्या भागात पहिली ओळ मी लिहिली आहे. आजीच्या बाजरीची. १ जूनचे पान मात्र मुलांनी ठरवून तूर्त कोरे ठेवले आहे. ज्यांना ती तारीख कागदावर मिळाली, त्यांनी आपापली खरी तारीख शोधून तिच्या पानावर लिहावी, अशी त्यांची इच्छा आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.